खरा रणगाडा एका रंगाचा, मग वीतभर रणगाड्याला इतक्या छटा कशाला?

दिवाळीत मी मामाकडे होते. वढू बुद्रुकला. नगर रोडवर कोरेगाव भीमाला आत वळलं की जे गाव लागतं ते. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळं तुम्हाला नाव माहिती असेलच.

मामा सैन्यात होता. रणगाडा चालवायचा, टी-७२. दफेदार म्हणून निवृत्त झाला आणि आता शेती बघतो. मामेभाऊ पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि गेली दोन वर्षं हॉस्टेलवर प्लास्टिकचे छोटे रणगाडे जोडत आणि रंगवत बसतो. मामीच्या भाषेत "लहानपणी खेळायचं राहिलं ते आता चाललंय."

तर या दिवाळीला त्यानं पप्पांसाठी खास टी-७२ बनवून आणला होता. चार महिन्यांचं काम. बुटांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून आणलेला.

मामानं चष्मा लावला, ट्यूबलाईटखाली धरून तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "काम नाजूक केलंयस. पण आमचा टँक असा न्हवता रे. आमचा एका रंगाचा होता. हा वरून उन्हानं उडालेला आणि खालून भाजल्यासारखा दिसतोय."

पोराचं तोंड एवढंसं झालं.

गंमत म्हणजे मामाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या मॉडेलवर एकाच हिरव्याच्या निदान सहा-सात छटा होत्या. बुरुजाचा माथा जवळपास पोपटी, बुरुजाचं बूड काळपट, बाजूच्या पत्र्यांवर खालून वर उजळत जाणारा रंग. खरा रणगाडा असा कुणी रंगवत नाही. मग जगभरचे मॉडेल बनवणारे लोक हा उद्योग का करतात?

उत्तर अंगणातच होतं.

किल्ल्यापाशी

मामाच्या दारात शेजारच्या पोरांनी किल्ला केला होता. दगड, विटा, वर चिखल, गेरूचे पट्टे, हळिवाचं गवत आणि पुण्यातून आणलेले मातीचे मावळे. संध्याकाळी साडेसात वाजता दारावरचा एलईडी दिवा लागलेला असताना तो किल्ला म्हणजे मातीचा ढीग दिसत होता. मग लाईट गेले (नेहमीप्रमाणे). पोरांनी तटबंदीशेजारी दोन पणत्या ठेवल्या आणि एका मिनिटात त्या ढिगाचा गड झाला. बुरुजाची सावली माचीवर पडली, पायऱ्या दिसायला लागल्या, मावळे खरंच पहाऱ्यावर उभे आहेत असं वाटलं.

माती तीच, रंग तोच. बदलला तो फक्त उजेड.

छोट्या वस्तूची सगळी अडचण इथं आहे. आपण तिचा आकार लहान करू शकतो, रंग मिळताजुळता देऊ शकतो, पण घरातला उजेड काही लहान करता येत नाही.

हे आकड्यात बघा, म्हणजे पटेल. मामेभावाचं मॉडेल १:३५ प्रमाणाचं आहे. म्हणजे खऱ्यातले ३५ सेंटीमीटर इथं १ सेंटीमीटर. टी-७२ चं धड साधारण ७ मीटर लांब असतं, ते मॉडेलमध्ये २० सेंटीमीटर होतं. वीतभर. उंची खऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास, इथं साडेसहा सेंटीमीटर.

आता उलटं करा. मॉडेलवर पडणारी चार फुटी ट्यूबलाईट त्या रणगाड्याच्या जगात केवढी होईल? १.२ मीटर गुणिले ३५, म्हणजे ४२ मीटर. सात मीटरच्या रणगाड्यावर बेचाळीस मीटर लांबीचा दिवा टांगलाय अशी कल्पना करा. शिवाय भिंती पांढऱ्या, त्यांच्यावरून परत उजेड येणार. इतक्या पसरट उजेडात सावली धरायला जागाच उरत नाही. सूर्य आपल्याला आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून त्याची सावली धारदार पडते. ट्यूबलाईट दोन मीटरवरून तीस अंशांहून जास्त जागा व्यापते, म्हणून तिची सावली पुसट.

दुसरी भानगड आपल्या डोळ्यांची. दोन डोळ्यांत सव्वासहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. ३५ ने गुणलं की सव्वादोन मीटर. म्हणजे मॉडेलसमोर आपण, दोन डोळ्यांत सव्वादोन मीटर अंतर असलेला राक्षस. मेंदूला लगेच कळतं की वस्तू छोटी आणि जवळ आहे. एका डोळ्यानं किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघितलं की हा पुरावा गायब होतो. इन्स्टाग्रामवर मॉडेलचे फोटो इतके खरे का वाटतात, याचं एक कारण हेच.

मग हेच मॉडेल उन्हात नेलं तर? तर खरंच बरं दिसतं. ऊन खऱ्यात आणि खेळण्यात भेद करत नाही, सावल्या जिथल्या तिथं पडतात. अनेक मॉडेलवाले फोटो काढायला गच्चीवर जातात ते यासाठीच. पण मॉडेल बहुतेक आयुष्य कपाटात काढणार. तिथं ऊन येणार नाही. म्हणून मग उजेड आणि सावली सरळ रंगातच घालून टाकायची, असा हा सगळा मामला आहे.

मेंदू कुठं फसतो?

आपल्या मेंदूनं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की उजेड वरून येतो. लाखो वर्षं सूर्य वरच होता, त्यामुळं सवय पक्की. न्यूरोसायंटिस्ट व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात यावर संशोधन मांडलं होतं. वरून उजळ आणि खालून गडद असा गोल दाखवला की आपल्याला फुगवटा दिसतो. तोच गोल उलटा केला की खड्डा.

घरी करून बघा. रिकाम्या इडलीपात्राचा फोटो काढा, वरून उजेड येत असेल असा, आणि मोबाईल उलटा धरा. खळगे फुगून वर आल्यासारखे दिसतील.

छटा देणारा माणूस याच सवयीचा फायदा घेतो. टी-७२ चा बुरुज म्हणजे पालथी घातलेली कढई. तिचा माथा उजळ केला आणि खाली उतरत जाताना रंग गडद केला, की ट्यूबलाईटखालीसुद्धा मेंदू म्हणतो, हा गोल आहे, जड आहे, याच्यावर आभाळ आहे.

उजेड नेमका डोक्यावरूनच का दाखवायचा? कारण चित्र एका बाजूनं बघतात, मॉडेल चारी बाजूंनी. उजेड डावीकडून आलाय असं रंगवलं तर उजवीकडून बघणाऱ्याला ते आजारी दिसेल. डोक्यावरचा उजेड कुठूनही बघितला तरी खपतो. या पद्धतीला मॉडेलवाले झेनिथल म्हणतात. झेनिथ म्हणजे डोक्यावरचा बिंदू.

प्रत्यक्षात करतात कसं?

मामेभावानं मला सगळं करून दाखवलं, त्यामुळं जरा सविस्तर सांगते.

आधी अख्ख्या मॉडेलला काळपट अस्तर, म्हणजे प्रायमर. हे अस्तर फक्त रंग धरावा म्हणून नाही. खाचा-कोपऱ्यांत, चाकांच्या मागं, जिथं नंतरचा रंग नीट पोचणार नाही, तिथं आपोआप सावली राहते.

मग मूळ हिरवा. तोही खालच्या भागात थोडा गडद करून. रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एअरब्रशनं, म्हणजे पेनाएवढ्या स्प्रे गननं, हलके हलके थर द्यायचे. एकदम जाड थर दिला की रिव्हेट बुजतात आणि पोरं साबणातली खेळणी विकतात तसलं काहीतरी हातात येतं.

त्यानंतर खरा खेळ. प्रत्येक पत्रा वेगळा धरायचा. आडवा, आभाळाकडं तोंड असलेला भाग सगळ्यात उजळ. तिरका भाग मधला. उभा भाग खाली गडद, वर फिकट. जमिनीकडं तोंड असलेला भाग सगळ्यात गडद. दोन पत्रे एकमेकांना भिडतात तिथं एकाची उजळ कड दुसऱ्याच्या गडद कडेला लागली पाहिजे, नाहीतर दोन्ही एकच दिसतात. याला कलर मॉड्युलेशन म्हणतात. कागदाचा तुकडा कडेला धरून फवारा मारला की रेघ साफ येते.

इथं नवखे एक चूक हमखास करतात. हिरवा उजळ करायचा म्हणून त्यात पांढरा ओततात. लष्करी हिरवा पांढऱ्यानं उजळ होत नाही, दुधी होतो, खडूसारखा. त्यात पिवळा किंवा मातकट पिवळसर घालायचा. याचं कारण त्या रंगाच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा जो प्रसिद्ध ऑलिव्ह ड्रॅब होता तो मुळात काळा आणि पिवळी माती, म्हणजे ओकर, या दोन रंगद्रव्यांचा होता. पिवळा त्याच्या रक्तातच होता म्हणा ना. तसंच गडद करायला काळा नको, गडद तपकिरी किंवा निळसर घ्या. भरदुपारच्या सावलीकडं बघा, ती काळी नसते, तिच्यात आभाळाचा निळा असतो.

मग चकचकीत वार्निश आणि त्यावर वॉश. वॉश म्हणजे अगदी पातळ केलेला तपकिरी तैलरंग. ब्रशचं टोक खाचेला टेकवलं की रंग आपला आपण रेघेतून पळतो, निरांजनातलं तूप वातीत चढतं तसा. वार्निश चकचकीत असेल तरच हे होतं. खडबडीत पृष्ठभागावर वॉश पसरतो आणि डाग पडतात.

मग कडांना बारीक उजळ रेघ. मग कोरडा ब्रश, म्हणजे ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कापडाला पुसून उरलेला उंचवट्यांवरून फिरवायचा. शेवटी मॅट वार्निश आणि धुळीसाठी मातीच्या रंगाची भुकटी.

आणि आता महत्त्वाची गोष्ट. वॉश असो, मॅट वार्निश असो, धूळ असो, वरचा प्रत्येक थर खालचा फरक थोडा थोडा मारत जातो. म्हणून सुरुवातीला उजेड-सावली मुद्दाम भडक ठेवावी लागते. अर्धवट रंगवलेलं मॉडेल बघून घाबरायचं नाही. ते तेव्हा भडक नसेल तर शेवटी सपाटच होणार.

एक सांगायचं राहिलं. एअरब्रश चालवताना खिडकी उघडी आणि तोंडाला वाफा अडवणारा मास्क हवा. रुमाल बांधून चालत नाही. थिनरचा वास म्हणजे नुसता वास नसतो. हॉस्टेलच्या बंद खोलीत हे करू नका. मामेभावानं केलं, दोन दिवस डोकं धरून बसला होता.

हे आलं कुठून?

१:३५ हा विचित्र आकडा जपानच्या तामिया कंपनीचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत मोटार आणि सेल बसले पाहिजेत म्हणून जो आकार ठरला, तो मोजल्यावर १:३५ च्या आसपास निघाला. पुढं साऱ्या जगानं तोच धरला.

रंगवण्याच्या तऱ्हा मात्र बदलत गेल्या. १९७० च्या दशकात शेपर्ड पेन या अमेरिकन कलाकारानं आणि नंतर बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हेर्लिंडेननं वॉश आणि कोरडा ब्रश घरोघरी पोचवले. मॉड्युलेशनचा गाजावाजा झाला तो या शतकात, स्पेनमधून. मिग हिमेनेझ आणि त्याच्यासोबत काम करणारा अ‍ॅडम वाइल्डर ही त्यातली दोन मोठी नावं. माणसांच्या छोट्या पुतळ्यांवर छटा द्यायची रीत आधीपासून होती, ती यांनी लोखंडावर आणली.

आणि वाद तेव्हापासूनच सुरू आहे. एक गट म्हणतो, हे सुंदर आहे. दुसरा म्हणतो, असा रणगाडा कुणी पाहिलाय का? म्हणजे मामा एकटा नाही. जगभरातले निम्मे मॉडेलवाले त्याच्या बाजूनं आहेत.

आपल्याकडं हे वेगळ्या नावानं कधीपासून चालू आहे ते सांगू का? पेणला गणपतीच्या कारखान्यात जा. मूर्तीला आधी अंगाचा सपाट रंग. मग कॉम्प्रेसरवरची गन घेऊन पोटाच्या वळीखाली, सोंडेच्या कडेला, पितांबराच्या चुण्यांत गडद शेडिंग. ते झालं की सपाट पोट गोल दिसायला लागतं. शेवटी डोळ्यांची आखणी. तिथं कुणी "खऱ्या गणपतीला अशी शेड नसते" असं म्हणत नाही. नाटकातही रंगभूषाकार नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद रेघ ओढतात, कारण रंगमंचावरच्या दिव्यांत चेहरा सपाट होतो.

हे मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, "गणपती लपवायचा नसतो. टँक लपवायचा असतो."

सावली हीच शत्रू

या एका वाक्यानंतर मला मामाची खरी अडचण कळली. त्याला रंग चुकीचा वाटत नव्हता, उलटा वाटत होता.

नोकरीत त्यानं जे शिकलं ते नेमकं याच्या विरुद्ध. झाडाखाली उभं करा, जाळी टाका, फांद्या बांधा. वरून बघणाऱ्याला लोखंड दिसत नाही, चौकोनी सावली दिसते, ती मोडा. जमिनीवरचे पट्ट्यांचे माग पुसा. आयुष्यभर ज्यानं सावली पुसली, त्याच्या हातात पोरानं सावली कोरलेला रणगाडा दिला होता.

निसर्गातही लपणारे मॉडेलवाल्यांच्या बरोब्बर उलटं करतात. बारामती तालुक्यातल्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघा किंवा कर्जतच्या रेहेकुरीला काळवीट. पाठ गडद, पोट पांढरं. ऊन पाठ उजळ करतं, सावली पोट गडद करते, आणि अंगाचा रंग त्याच्या उलट असल्यामुळं दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. प्राणी सपाट दिसतो, म्हणजे दिसतच नाही. ही गोष्ट नीट मांडली ती अ‍ॅबट थेयर या अमेरिकन चित्रकारानं, १८९६ मध्ये. चित्रकारानंच मांडली यात नवल नाही. सपाट कागदावर गोलाई आणणाऱ्यालाच गोलाई कशी पुसायची ते कळणार.

रणगाड्यांवरही हे वापरलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी अमेरिकन शेरमन रणगाड्यावर लांब नळीची १७ पाउंडर तोफ बसवली. तो शेरमन फायरफ्लाय. लांब नळी म्हणजे धोकादायक गाडी हे जर्मन तोफचींना कळत होतं, त्यामुळं फायरफ्लायला आधी टिपायचे. मग नळीचा पुढचा भाग खालून पांढरा रंगवायला सुरुवात झाली. खालची सावली पांढऱ्यानं खाल्ली गेली, की लांबून नळी अर्धीच दिसायची. एका ब्रशभर पांढऱ्या रंगावर आतल्या माणसांचा जीव.

म्हणजे सूत्र एकच. वरून गडद, खालून फिकट केलं तर वस्तू नाहीशी होते. वरून फिकट, खालून गडद केलं तर उठून दिसते. सैनिकाला पहिलं हवं, मॉडेलवाल्याला दुसरं.

मामेभाऊ इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "पप्पा, पण मला तो लपवायचा नाहीये ना."

मामा काही बोलला नाही. पण मॉडेल परत खोक्यात न ठेवता टीव्हीशेजारी ठेवलं.

नगरची फेरी

भाऊबीजेनंतर आम्ही तिघं नगरला गेलो. आता अहिल्यानगर. शिक्रापूरचं ट्रॅफिक सोडलं तर रस्ता सरळ आहे, रांजणगाव, शिरूर, सुपा करत. मामासाठी हा रस्ता वेगळा. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, नगरलाच आहे. मामा तिथंच रणगाडा चालवायला शिकला.

तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ साली सुरू झालं. उघड्या मैदानात जगभरचे जुने रणगाडे मांडलेत. ब्रिटिश मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल. सेंच्युरियन. आवडीला बनलेला आपला विजयंता. आणि युद्धात हाती आलेले पॅटन. पोरं चढायला बघतात, आयांचा जीव वर-खाली होतो. चिलखती दलाचा इतिहास इथं पायी फिरून होतो. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पूना हॉर्सच्या ज्या सेंच्युरियनमधून १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत शेवटपर्यंत लढले, तो 'फामागुस्ता' नावाचा रणगाडाही नगरच्या याच प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवलेला आहे. खेत्रपाल तेव्हा एकवीस वर्षांचे होते. मामेभावाच्याच वयाचे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आणि मामेभावानं काहीही न बोलता सेंच्युरियनकडं बोट केलं.

बुरुजाचा माथा उन्हात पांढरट तळपत होता. बाजूच्या पत्र्यांवर वरचा अर्धा भाग उजळ, खालचा अर्धा गडद. चाकं सावलीत बुडालेली, दोन चाकांमधलं तर काहीच दिसत नव्हतं. तोफेच्या नळीचा वरचा काठ पांढरी रेघ झाला होता, खालचा जवळजवळ काळा. एकाच डब्यातला हिरवा रंग, पण मी मोजल्या तर पाच-सहा छटा सहज निघाल्या.

मामा डोळे बारीक करून बघत राहिला. मग म्हणाला, "दुपारचा असाच दिसतो. पण आम्ही दुपारी बाहेरून कुठं बघत होतो, आम्ही आत."

हे मला फार आवडलं. टी-७२ चा ड्रायव्हर पुढं मध्यभागी, नळीच्या खाली बसतो. झाकणातून डोकं बाहेर काढलं तर पुढच्या गाडीची धूळ, आत घेतलं तर काचेतून दिसणारी एक पट्टी. स्वतःची गाडी त्याला पूर्ण दिसते ती उतरल्यावर, म्हणजे झाडाखाली, जाळीखाली, नाहीतर अंधारात. त्याच्या आठवणीतला रणगाडा एका रंगाचा आहे, कारण त्यानं तो बहुतेक वेळा सावलीतच पाहिलाय.

आता माझं मत विचाराल तर मॉड्युलेशनचा अतिरेक मलाही नको वाटतो. इंटरनेटवर असे रणगाडे दिसतात की प्रत्येक पत्रा वेगळ्या गाडीवरून काढून आणलाय असं वाटतं. वरच्या फोटोत कौतुकाचे पाचशे लाईक आणि खाली मिठाईच्या दुकानातली बर्फी. छटा दिसता कामा नयेत, आकार दिसला पाहिजे. मामेभावाच्या टी-७२ मध्ये बुरुज जमलाय, बाजूचे पत्रे जरा जास्त झालेत. हे मी त्याला सांगितलं, आणि त्याला आवडलं नाही.

पण सगळ्यात उपयोगाची दुरुस्ती मामानं सांगितली. परत येताना गाडीत तो म्हणाला, "धूळ सगळीकडं सारखी टाकलीयस. तशी नसते. खाली पट्ट्यांजवळ जाड आणि मागं जास्त. आणि ड्रायव्हरच्या झाकणापाशी रंग राहतच नाही. रोज तिथं बूट पडतात, नुसतं लोखंड घासून चमकतं. तू तिथं नवा कोरा ठेवलायस." जरा वेळानं परत, "आणि चढायला नेहमी डावीकडून. उजवीकडं एवढं घासू नको."

हे कुठल्याच यूट्यूब व्हिडिओत नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून काम सुरू झालं. मामेभावानं बाजूच्या पत्र्यांवर मूळ हिरव्याचा एकदम पातळ थर फिरवला, छटा अर्ध्यानं उतरल्या. झाकणाभोवती पेन्सिलीचं शिसं बोटानं घासलं, तर खरंच लोखंड उघडं पडल्यासारखं दिसायला लागलं. मामा शेजारी बसून, "अजून थोडं… बास, बास" करत होता. मामी दोनदा झोपायला बोलावून गेली.

पुढचं मॉडेल सेंच्युरियनचं करायचं ठरलंय. कुठला हिरवा, यावर अजून एकमत नाही. मामा म्हणतो, रंग ठरवायच्या आधी पुन्हा एकदा नगरला जाऊ. पण दुपारी नको, सकाळी सकाळी.